सापेक्षीय कणांची ऊर्जा व संवेग

प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल इतक्या वेगाने जाणाऱ्या कणाच्या गतीचे खरे माप त्याचा वेग हे नसून ऊर्जा व संवेग या दोन राशी हे होय, ही विशिष्ट सापेक्षता सिद्धांतातून निघालेली एक मूलभूत कल्पना आहे. न्यूटनप्रणीत यामिकीत संवेग म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार आणि गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग होय. तेथे वेग कळला की बाकी दोन्ही राशी कळतात. सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारास आणखी एका गुणकाने गुणावे लागते. वेगाचे प्रकाशवेगाशी असलेले गुणोत्तर घेऊन त्याचा वर्ग १ मधून वजा करावा, बाकीचे वर्गमूळ काढावे व त्याचा व्यस्तांक घ्यावा, म्हणजे हा गुणक मिळतो. कण स्थिर असता गुणक १ असतो. वेग प्रकाशवेगाच्या जवळ जाऊ लागला की तो अमर्याद वाढतो. कणाची एकूण ऊर्जाही याच गुणकाने वाढते. मात्र कण स्थिर असतानाही ती शून्य नसते. वस्तुमानास प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणून येणारी स्थिर ऊर्जा त्याच्यापाशी असतेच.

या राशींचा परस्परसंबंध काटकोन त्रिकोणाच्या साहाय्याने चांगला लक्षात येतो. एक बाजू स्थिर ऊर्जा, दुसरी बाजू संवेग व प्रकाशवेग यांचा गुणाकार आणि कर्ण म्हणजे एकूण ऊर्जा. वेगवेगळ्या गतींच्या निरीक्षकांना संवेगाची बाजू व कर्ण कमीअधिक लांबीचे दिसतात. स्थिर ऊर्जेची बाजू मात्र सर्वांना सारखीच दिसते. ज्या कणाला वस्तुमान नाही, उदा., फोटॉन, त्याच्या बाबतीत ती बाजू नाहीशी होते आणि ऊर्जा व संवेग एकमेकांच्या प्रमाणात राहतात.

परिभाषा : ‘संवेग’ हा शब्द मराठीत आज शालेय पुस्तकांतूनही रुळलेला आहे. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये, म्हणजे पहिल्या खंडाच्याही आधी, प्रसिद्ध झाला. विषय मांडण्यापूर्वी शब्द निश्चित करण्याची ही रीत भौतिकीच्या बाबतीत विशेष उपकारक ठरते. संस्कृतात ‘संवेग’ हा शब्द जुना आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत तो साधकाच्या तीव्रतेच्या संदर्भात येतो. वैशेषिक दर्शनात ‘वेग’ हा संस्कार नावाच्या गुणाचा एक प्रकार मानला असून हलविलेली वस्तू पुढे जात राहते त्याचे कारण म्हणून तो सांगितला आहे. ही कल्पना आजच्या संवेगाच्या जवळपास येते खरी, तथापि तीत मापन नाही. त्यामुळे आधुनिक अर्थ तिच्यावर लादणे युक्त होणार नाही. ‘मास’ या अर्थी मराठीत वस्तुमान व द्रव्यमान असे दोन्ही शब्द चालतात. त्यांपैकी वस्तुमान हा येथे वापरला आहे. तो कोणत्या राशीला लावावयाचा, हा वाद मात्र निव्वळ शब्दांचा नसून त्याचा विचार पुढे केला आहे.

पूर्वपीठिका : गतीचे माप कोणते, हा प्रश्न सतराव्या शतकातील आहे. देकार्त यांनी वस्तूचा आकार व तिच्या गतीची त्वरा यांचा गुणाकार अक्षय्य मानला. लायप्निट्स यांनी १६८६ मध्ये त्यास आक्षेप घेऊन वेगाच्या वर्गाशी निगडित असलेली राशी पुढे केली. हा वाद पुढे अनेक दशके चालला. दोन्ही राशी आपापल्या जागी खऱ्या आहेत व दिशा विचारात घेतली की त्यांच्यात विरोध उरत नाही, असे ठरून तो मिटला. तरीही दोन स्वतंत्र राशींसाठी दोन स्वतंत्र अक्षय्यता नियम का असावेत, याचे उत्तर न्यूटनप्रणीत यामिकीत नव्हते. ते सापेक्षता सिद्धांताने दिले.

नव्या विचाराची सुरुवात विद्युत्शास्त्रात झाली. विद्युत् भारित गोल हलविताना त्याच्याभोवतीच्या क्षेत्रामुळे जादा जडत्व जाणवले पाहिजे, असे जे. जे. टॉमसन यांनी १८८१ मध्ये दाखविले. १८९७ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनाचे अस्तित्व सिद्ध केल्यावर ही कल्पना प्रत्यक्ष पडताळून पाहण्यास योग्य असा कण हाती आला.

काउफमान यांचे प्रयोग : वॉल्टर काउफमान यांनी १९०१ पासून केलेले प्रयोग या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण आहे. निर्वात पेटीत रेडियमचा कण ठेवून त्यातून बाहेर पडणाऱ्या बीटा किरणांना, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांना, त्यांनी एकाच वेळी विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून जाऊ दिले. दोन्ही क्षेत्रांमुळे होणारी विचलने परस्परांशी काटकोनात होती. त्यामुळे निरनिराळ्या वेगांच्या इलेक्ट्रॉनांनी छायाचित्रण काचेवर एक वक्र रेषा उमटविली. ती मोजता असे आढळले की, वेग वाढत जातो तसतसे इलेक्ट्रॉनाचा भार व वस्तुमान यांचे गुणोत्तर कमी होत जाते. भार बदलत नाही असे धरल्यास जडत्व वाढते असे म्हणणे भाग होते.

ते कोणत्या नियमाने वाढते याविषयी दोन मते होती. माक्स आब्राहाम यांनी इलेक्ट्रॉन हा कधीही न बदलणारा दृढ गोल मानला. एच्. ए. लोरेन्ट्स यांनी १९०४ मध्ये गतीच्या दिशेने तो आकुंचन पावतो असे गृहीत धरून वेगळे सूत्र मांडले. १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी इलेक्ट्रॉनाच्या रचनेविषयी काहीही गृहीत न धरता, केवळ अवकाश व काल यांच्या मापनाच्या विचारातून, लोरेन्ट्स यांच्याशी जुळणारा निष्कर्ष काढला. काउफमान यांनी आपले प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा केले आणि १९०६ मध्ये निकाल जाहीर केला. तो लोरेन्ट्स व आइन्स्टाइन यांच्या विरुद्ध होता.

हा निकाल साधा नव्हता. काउफमान हे कसलेले प्रयोगकर्ते होते आणि त्या काळी इतक्या वेगाच्या कणांवर मोजमाप करणारे दुसरे फारसे कोणी नव्हते. लोरेन्ट्स खचले आणि प्वँकारेही साशंक झाले. आइन्स्टाइन यांनी १९०७ मधील आपल्या विस्तृत लेखात निरीक्षणांतील तफावत मान्य केली. तथापि प्रतिस्पर्धी उपपत्ती फार थोड्या घटनांचा उलगडा करतात, म्हणून त्या खऱ्या असण्याचा संभव कमी वाटतो, असे मत त्यांनी दिले. माक्स प्लांक यांनी त्याहून उपयुक्त काम केले. काउफमान यांचे आकडे त्यांनी स्वतः नव्याने तपासले आणि त्यांवरून कोणत्याच बाजूने निर्णय देता येत नाही, असे १९०६ मध्ये दाखविले. पेटीत उरलेल्या वायूचे आयनीभवन होऊन विद्युत् क्षेत्र सर्वत्र सारखे राहिले नसावे, ही शंकाही त्यांनी पुढे मांडली. १९०८ मध्ये ए. एच्. बूखरर यांनी वेगळ्या मांडणीने घेतलेली मापे सापेक्षतेच्या बाजूने गेली. त्यांच्या मापांवरही नंतर आक्षेप निघाले. १९१४–१५ च्या सुमारास झालेल्या अधिक सूक्ष्म मापनांनंतरच वाद शमला. एका प्रयोगाने सिद्धांत मोडतो, ही समजूत किती सावधपणे स्वीकारावी, हे या प्रकरणावरून दिसते. सिद्धांत तगला तो प्रयोगाकडे दुर्लक्ष करून नव्हे, तर प्रयोगाची अधिक बारकाईने तपासणी होऊन.

सूत्रांची सिद्धता : संवेगाचे आज वापरात असलेले सूत्र प्लांक यांनी १९०६ मध्ये दिले. आइन्स्टाइन यांच्या पहिल्या निबंधात बलाची व्याख्या काहीशी गैरसोयीची होती. बल म्हणजे संवेगाच्या बदलाचा दर, ही न्यूटन यांचीच व्याख्या ठेवून संवेगाचे सूत्र बदलावे, ही सुधारणा प्लांक यांची होय. जी. एन्. लूइस व आर्. सी. टोलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये दोन सारख्या चेंडूंच्या टकरीचा केवळ विचार करून तेच सूत्र मिळविले. विद्युत् चुंबकत्वाचा त्यात संबंध नव्हता. त्यामुळे हा नियम फक्त इलेक्ट्रॉनाचा नसून सर्व पदार्थांचा आहे, हे स्पष्ट झाले. हेर्मान मिंकोव्हस्की यांनी १९०८ मध्ये अवकाश व काल यांची एकत्र चतुर्मितीय मांडणी केली. तीत ऊर्जा हा कालाच्या दिशेचा व संवेग हा अवकाशाच्या तीन दिशांचा घटक असून चारही मिळून एकच राशी होते. म्हणून सर्व निरीक्षकांच्या दृष्टीने संवेग अक्षय्य राहावयाचा असेल, तर ऊर्जाही अक्षय्य राहिलीच पाहिजे. देकार्त व लायप्निट्स यांच्या वादातील दोन्ही राशी अशा रीतीने एकाच राशीची अंगे ठरल्या.

स्थिर ऊर्जेची कल्पना आइन्स्टाइन यांच्या सप्टेंबर १९०५ मधील छोट्या निबंधात आहे. तिचे प्रमाण ध्यानात येण्यास सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाचे उदाहरण घेता येईल. या प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगॅवॉट आहे. त्यातील सर्व जनित्रे पूर्ण क्षमतेने वर्षभर अखंड चालली असे मानले, तर निर्माण होणाऱ्या विजेचे समतुल्य वस्तुमान सु. ०.६९ किग्रॅ. भरते. धरणातून खाली उतरणाऱ्या प्रचंड जलराशीत वस्तुमानाची एवढीशी घट कोणत्याही तराजूने कळणार नाही. अणुकेंद्रीय विक्रियेत मात्र ती कळते. १९३२ मध्ये कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी लिथियमवर प्रोटॉनांचा मारा करून दोन आल्फा कण मिळविले. त्यांची मुक्त झालेली गतिज ऊर्जा सु. १.७३ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असून ती मूळ वस्तुमानात झालेल्या सु. ०.२३ टक्के घटीशी जुळली.

टकरी व अक्षय्यता : ए. एच्. काँप्टन यांनी १९२३ मध्ये क्ष-किरणांचे इलेक्ट्रॉनांवरून होणारे प्रकीर्णन अभ्यासले. प्रकाशकणाला ऊर्जेबरोबर संवेगही असतो असे धरून दोन चेंडूंच्या टकरीप्रमाणे गणित केले असता प्रयोगाशी बरोबर मेळ बसला. तरीही पुढच्याच वर्षी बोर, क्रामर्स व स्लेटर यांनी ऊर्जा व संवेग प्रत्येक टकरीत नव्हे, तर केवळ सरासरीने अक्षय्य राहतात, अशी सूचना केली. १९२५ मध्ये बोथे व गायगर यांनी गणित्रांच्या साहाय्याने प्रकीर्णित किरण व उसळलेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी मिळतात असे दाखवून ती खोडून काढली.

कॅरमच्या पटावर एक सोंगटी दुसऱ्या स्थिर सोंगटीवर तिरकी आपटली, तर दोघी एकमेकींशी जवळजवळ काटकोन करून जातात. समान वस्तुमानांच्या स्थितिस्थापक टकरीचा हा न्यूटनप्रणीत नियम आहे. एफ्. सी. चँपियन यांनी १९३२ मध्ये मेघकोठीतील वेगवान इलेक्ट्रॉनांच्या टकरींची छायाचित्रे मोजली. त्यांत हा कोन काटकोनापेक्षा लहान आढळला आणि तो सापेक्षीय सूत्रांना धरून होता. इतका सोपा व इतका निर्णायक पडताळा क्वचितच मिळतो.

वेगाची मर्यादा : विल्यम बर्टोझी यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रॉनांचा वेग प्रवासाच्या वेळेवरून व त्यांची ऊर्जा त्यांनी लक्ष्यात निर्माण केलेल्या उष्णतेवरून, अशी स्वतंत्रपणे मोजली. ऊर्जा वाढत राहिली, परंतु वेग प्रकाशवेगापाशी अडून राहिला. हीच गोष्ट कर्करोगावरील किरणोपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या रेषीय वेगवर्धकात रोज घडते. सांगली जिल्ह्यातील मिरज हे वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र असून तेथील रुग्णालयांतही असे उपचार होतात. या यंत्रात इलेक्ट्रॉनाला ६० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट गतिज ऊर्जा दिली असता त्याचा वेग प्रकाशवेगाच्या ९९.६९ टक्के होतो. ऊर्जा दुप्पट, म्हणजे १.२ कोटी केली, तर तो ९९.९२ टक्के होतो. वेगात पाव टक्क्याचीही वाढ नाही, पण संवेग जवळजवळ दुप्पट झालेला असतो. म्हणून किरणोपचारात किरणशलाकेचे वर्णन वेगाने न करता ऊर्जेने करतात.

भाभा व म्यूऑन : या विषयातील भारतीय कार्यात मुंबईत जन्मलेले होमी जहांगीर भाभा (१९०९–६६) यांचे स्थान पहिले आहे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या प्रकीर्णनाचे त्यांनी केंब्रिज येथे केलेले गणित १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले व ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये व्हाल्टर हाइटलर यांच्या सहकार्याने त्यांनी विश्वकिरणांतील कणवर्षावाची उपपत्ती मांडली. वातावरणाच्या वरच्या थरात आलेल्या एका इलेक्ट्रॉनाची ऊर्जा फोटॉन आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या यांच्यात वाटली जाऊन हजारो कण कसे निर्माण होतात, हे तीत दाखविले आहे. १९३८ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणली. विश्वकिरणांतील जड कण आपोआप क्षय पावत असतील, तर वेगवान कणांचे आयुर्मान सापेक्षतेमुळे लांबलेले दिसले पाहिजे. त्या वेळी म्यूऑन व पायॉन यांतील भेद स्पष्ट झालेला नव्हता. तो १९४७ मध्ये झाला. भाभांचा युक्तिवाद मात्र दोघांनाही लागू पडतो.

ब्रूनो रॉसी व डी. बी. हॉल यांनी १९४१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, ३,२४० मी. उंचीवरील एको लेक व १,६१६ मी. उंचीवरील डेन्व्हर येथे म्यूऑन मोजले. कमी संवेगाच्या म्यूऑनांचा क्षय अधिक, तर जास्त संवेगाच्या म्यूऑनांचा कमी होतो, असे त्यांना आढळले.

या प्रयोगाचे गणित महाराष्ट्रातील भूगोलावरही मांडता येते. कृष्णा नदी महाबळेश्वरास उगम पावून वाई व कऱ्हाडवरून सांगलीस येते. महाबळेश्वराची उंची सु. १,३५० मी., तर सांगलीची सु. ५५० मी. आहे, म्हणजे पातळीत सु. ८०० मी. फरक पडतो. म्यूऑनाचे सरासरी आयुर्मान एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सु. २.२ पट आहे. एवढ्या काळात प्रकाशही ६६० मीटरच जातो. काल सर्वत्र सारखाच चालतो असे मानले, तर महाबळेश्वराच्या पातळीवरून सरळ खाली निघालेल्या दर १०० म्यूऑनांपैकी सांगलीच्या पातळीला सु. ३० पोहोचतील, मग त्यांचा संवेग कितीही असो. सापेक्षता सिद्धांतानुसार म्यूऑनाची सरासरी धाव संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढते. संवेगाची बाजू स्थिर ऊर्जेच्या बाजूच्या किती पट आहे, तितक्या पटींनी ६६० मीटरला गुणावे, की धाव मिळते. संवेगाची बाजू १०० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल, तर ती सु. ६.२ किमी. भरते व १०० पैकी ८८ कण खाली येतात. तीच ३०० कोटी असेल, तर धाव सु. १९ किमी. होऊन ९६ कण येतात. (हवेत होणारा ऊर्जेचा ऱ्हास येथे धरलेला नाही.) कण किती वेगाने जातो हे या गणितात विचारावेही लागत नाही, कारण दोन्ही संवेगांचे म्यूऑन जवळजवळ सारख्याच वेगाने जात असतात. ज्याने त्यांच्यात भेद पडतो तो संवेग होय.

कणनिर्मिती : स्थिर लक्ष्यावर प्रोटॉन आदळून प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांची नवी जोडी निर्माण करावयाची, तर दोन कणांच्या स्थिर ऊर्जेइतकी, म्हणजे सु. १८८ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरेल असे वाटते. प्रत्यक्षात ती पुरत नाही. टकरीपूर्वीचा संवेग टकरीनंतर कोणीतरी वाहून नेला पाहिजे आणि त्यात ऊर्जेचा मोठा भाग अडकतो. गणिताने सहा प्रोटॉनांच्या स्थिर ऊर्जेइतकी, म्हणजे सु. ५६३ कोटी गतिज ऊर्जा लागते. कॅलिफोर्नियातील बेव्हाट्रॉन यंत्राची क्षमता हे लक्षात घेऊन ठरविली होती. १९५५ मध्ये तेथे प्रतिप्रोटॉन सापडला. समोरासमोर येणाऱ्या दोन शलाकांची टक्कर घडविल्यास एकूण संवेग शून्य राहतो व ही उधळपट्टी टळते. पुढील काळातील मोठे वेगवर्धक बहुशः याच तत्त्वावर उभारले गेले.

वस्तुमानाविषयी मतभेद : विसाव्या शतकातील बऱ्याच पाठ्यपुस्तकांत वेगाबरोबर वस्तुमान वाढते असे शिकविले गेले. संवेगाच्या सूत्रातील गुणक वस्तुमानाला जोडला की जुने सूत्र तसेच ठेवता येते, एवढीच त्यातील सोय. परंतु अशी राशी ऊर्जेचेच दुसरे नाव ठरते. शिवाय गतीच्या दिशेने व तिला लंब दिशेने बल लावले असता जडत्व निरनिराळे भासते, त्यामुळे ही सोयही पुरी पडत नाही. आइन्स्टाइन यांनी स्वतः १९४८ मध्ये एका पत्रात ही कल्पना न वापरणे बरे, असे सुचविले होते. रशियन शास्त्रज्ञ एल्. बी. ओकुन यांनी १९८९ मध्ये तिच्याविरुद्ध जोरदार प्रतिपादन केले. कण भौतिकीत आज वस्तुमान म्हणजे न बदलणारी राशी, हाच अर्थ मान्य आहे व तोच अधिक ग्राह्य होय. वेगवान कण ‘जड’ होतो असे म्हटल्याने त्याच्या अंतरंगात काही फरक पडतो असा ग्रह होतो. वस्तुतः कण आहे तसाच असतो. फरक त्याच्या व निरीक्षकाच्या परस्परसंबंधात पडलेला असतो.

हा अर्थ स्वीकारल्यावर एक चमत्कारिक वाटणारा, पण खरा निष्कर्ष निघतो. वस्तुमान नसलेल्या कणांच्या समूहाला वस्तुमान असू शकते. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन फोटॉनांचे मिळून वस्तुमान शून्य असते. ते भिन्न दिशांना जात असतील तर ते शून्य नसते, कारण त्यांच्या ऊर्जांची बेरीज होते, पण संवेग अंशतः एकमेकांना छेदतात. ज्या कणापासून ते निर्माण झाले त्याचे वस्तुमान अशा रीतीने त्यांच्यावरून काढता येते. जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत २०१२ मध्ये हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला, तेव्हा त्याच्या दोन प्रमुख खुणांपैकी एक हीच होती. असंख्य फोटॉन-जोड्यांची ऊर्जा व दिशा मोजून प्रत्येक जोडीचे वस्तुमान काढले असता सु. १२,५०० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट या मूल्यापाशी लहानसा उंचवटा दिसला. भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ या शोधातील एका मोठ्या प्रयोगात सहभागी होते.